पत्रिकेची परीक्षा

2001 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने वैदिक ज्योतिष शिकवायची तयारी केली, तेव्हा देशभरातल्या वैज्ञानिकांनी निषेध नोंदवला. पण निषेध म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा गोळा झाला पुण्यात, 2008 मध्ये. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिष शिकलेले प्रकाश घाटपांडे एकत्र आले. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या जन्मवेळा मिळवल्या. त्यांवरून पत्रिका मांडल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40, कशाही क्रमाने. प्रश्न एकच: हे मूल हुशार की मतिमंद? कोणती पत्रिका कोणाची, हे कुंट्यांच्या विभागात कुलूपबंद होते.

या चाचणीचे खरे मोल त्या कुलपात आहे. तपासणाऱ्यालाही उत्तर ठाऊक नसले, तर त्याच्या डोळ्यांतून ते फुटत नाही.

27 ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. नाणे उडवले तरी 40 पैकी सरासरी 20 बरोबर येतात. यांची सरासरी त्याहून कमी, जेमतेम 46 टक्के भरली. सर्वांत वरचा आकडा 24. एका ज्योतिषसंस्थेने तर सगळ्या 200 पत्रिका तपासल्या आणि 102 बरोबर ओळखल्या.

2009 मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले.