भिडेवाडा : पहिली शाळा, मग दुकाने, मग स्मारक

पुण्याच्या बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपती मंदिरासमोर भिडेवाडा उभा होता. महात्मा जोतीराव फुले आणि क्रांतिज्योती सावित्रीमाई यांनी १८४८ साली तात्यासाहेब भिडे यांच्या या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. ज्या पुण्यात स्त्री-शूद्रांना अक्षर वर्ज्य होते, त्याच पुण्याच्या मध्यवस्तीत ही शाळा भरली. सनातन्यांच्या विरोधामुळे ती काही महिन्यांतच बंद पडली. १८४९ मध्ये फुले दांपत्याला घर सोडावे लागले. तरीही पुढे वेगवेगळ्या पेठांत मुलींच्या आणि अस्पृश्य मुलांच्या शाळा निघाल्या.

वाडा मात्र विस्मरणात गेला. खाली दुकाने आली, मालकी बदलली, इमारत मोडकळीस आली. राष्ट्रीय स्मारकाची मागणी झाल्यावर पुणे महापालिकेने जागा संपादन करण्याचे ठरवले. भाडेकरू आणि जागेचे मालक न्यायालयात गेले. हा वाद वर्षानुवर्षे चालला. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निर्णय दिला. ४ डिसेंबर २०२३ च्या रात्री मोडकळीस आलेला वाडा पाडण्यात आला. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या स्मारकाची पायाभरणी झाली. म्हणजे स्मारकाची जागा मिळाली, पण मूळ भिंती आपण पाहू शकणार नाही.

सातारची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे राजवाड्याची शाळा झाली. छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या काळातील जुन्या राजवाड्यात सरकारी हायस्कूल भरू लागले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथे इंग्रजी पहिलीत एका मुलाचे नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरमधील क्रमांक १९१४. हीच शाळा आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. ते रजिस्टर शाळेने जपले, म्हणूनच महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करण्याचे ठरवले.

या दोन इमारतींतून वसई-विरारच्या तरुणांनी काय घ्यावे? आपल्याकडे २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. गावे शहरात आली, तरी जिल्हा परिषदेच्या शाळा अनेक वर्षे जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. पट कमी झाला की शाळा बंद होण्याची भीती, आणि शाळा बंद झाली की मोक्याच्या जागेवर डोळा, हे चित्र शहरीकरण होणाऱ्या प्रत्येक गावात दिसते.

जुन्या शाळेत केवळ आठवणी नसतात. अनुसूचित जातीच्या जात पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या घरात सातबारा नव्हता, त्यांच्यासाठी आजोबांच्या शाळेचे जनरल रजिस्टर हाच अनेकदा एकमेव आधार असतो. शाळा हलवताना ते ओले झाले, हरवले, तर नुकसान थेट नातवंडांच्या प्रवेशाचे आणि नोकरीचे होते.

म्हणून तीन कामे हाती घ्या. आपल्या गावच्या जुन्या शाळेची जागा कोणाच्या नावावर आहे, याचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा. जुनी रजिस्टरे कुठे आहेत, हे माहिती अधिकारात विचारा आणि त्यांचे स्कॅनिंग करण्याची लेखी मागणी करा. बंद पडलेली इमारत असेल तर तिथे अभ्यासिका किंवा ग्रंथालय व्हावे, असा ठराव घेण्यासाठी पाठपुरावा करा.

भिडेवाड्याच्या वेळी आपण जागे व्हायला उशीर केला. गावच्या शाळेच्या बाबतीत तो करू नये.

जय भीम!