आज्ञापत्र लिहिणारें यंत्र

इ. स. १९७६ मधील गोष्ट. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत स्टीव्ह जॉन्सन हा प्रोग्रॅमर एके दिवशीं दैवाला बोल लावीत आपला सहकारी स्टुअर्ट फेल्डमन याच्या खोलींत शिरला. एका प्रोग्रॅममधील दोष शोधण्यांत त्याची सारी सकाळ वायां गेली होती. आणि शेवटीं आढळलें तें असें कीं, दोष आधींच दुरुस्त झालेला होता. दुरुस्त केलेली फाइल पुन्हां कंपाइल करण्याचें मात्र राहून गेलें होतें, आणि यंत्र बिचारें जुनाच तुकडा चालवीत होतें. आदल्या संध्याकाळीं फेल्डमननेंहि हेंच दुःख भोगलें होतें. त्याच आठवड्याच्या अखेरीस त्यानें ‘मेक’ नांवाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. कोडचें भांडार पाहून त्याच्या बांधणीचें आज्ञापत्र यंत्राकडूनच लिहवून घ्यावें, हा जो खटाटोप पुढें अर्धें शतक चालला, त्याच्या मुळाशीं ही वायां गेलेली सकाळ आहे.

प्रोग्रॅम म्हणजे मनुष्यानें लिहिलेल्या कोडच्या अनेक फाइली. त्यांचें यंत्राला चालवितां येईल असें रूपांतर करावयाचें, निरनिराळे तुकडे जोडावयाचे, त्यांची परीक्षा घ्यावयाची आणि शेवटीं तें सर्व लोकांच्या उपयोगासाठीं सर्व्हरवर नेऊन ठेवावयाचें, या क्रमाला ‘बिल्ड पाइपलाइन’ असें नांव आहे. कोणत्या पायरीनंतर कोणती पायरी, हें यंत्राला सांगणारी फाइल म्हणजे त्या पाइपलाइनचें आज्ञापत्र.

फेल्डमनची मूळ कल्पना मोठी होती. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे, याचें पृथक्करण प्रोग्रॅमनेंच करावें, असें त्याला वाटत होतें. विचारान्तीं त्यानें ती आटोपशीर केली. परस्परांचें नातें मनुष्यानें ‘मेकफाइल’मध्यें लिहावें, आणि कोणती फाइल मागाहून बदलली हें वेळेच्या नोंदीवरून यंत्रानें ठरवावें, अशी कामाची वांटणी झाली. या मेकफाइलींत प्रत्येक आज्ञेच्या आरंभीं टॅबचेंच चिन्ह हवें, असा एक चमत्कारिक नियम होता. थोड्याच आठवड्यांत फेल्डमनला त्याची खोड कळली. परंतु तोंवर दहा-बारा जण, बहुतेक त्याचे स्नेहीच, मेक वापरूं लागले होते. त्यांची अडचण होऊं नये म्हणून नियम तसाच राहिला, आणि पुढच्या पिढ्यांना तो जाचत आला. आज्ञापत्रांत एकदां शिरलेली गोष्ट सहसा बाहेर पडत नाहीं, याचें याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण.

पुढें युनिक्सचे अनेक प्रकार झाले, आणि एकाच मेकफाइलनें सर्वत्र भागेना. १९९१ मध्यें ग्नू प्रकल्पाचे अनेक प्रोग्रॅम सांभाळणारा डेव्हिड मॅकेंझी याला असें दिसलें कीं, वापरणाराला सुमारें २० पर्याय हातानें निवडावे लागत आहेत. तेव्हां यंत्राची स्वतःच तपासणी करून मेकफाइल तयार करणारी स्क्रिप्ट त्यानें लिहिली; आणि मग अशा स्क्रिप्टाच निर्माण करणारें ‘ऑटोकॉन्फ’ रचलें. याच परिवारांतील ‘ऑटोस्कॅन’ हें साधन कोडच्या फाइली वाचून आज्ञापत्राचा कच्चा मसुदा करून देतें. मात्र त्या मसुद्याला अंतिम नांव तें देत नाहीं. मनुष्यानें तो वाचावा, सुधारावा आणि मग आपल्या हातानें त्याचें नांव बदलावें, अशी योजना आहे. नामकरणाचा हक्क मनुष्याकडे ठेवण्यांत मोठें शहाणपण होतें.

सर्व्हरच्या युगांत हा संकोच कमी झाला. २०११ मध्यें ‘हेरोकू’नें बिल्डपॅकची पद्धत आणली. भांडारांत ‘जेमफाइल’ दिसली कीं प्रोग्रॅम रूबी भाषेचा, ‘पॅकेज डॉट जेसन’ दिसली कीं जावास्क्रिप्टचा, असें ओळखून पुढची बांधणी आपोआप होई. २०१७ मध्यें ‘गिटलॅब’नें ‘ऑटो डेव्हऑप्स’ सुरू करून बांधणीपासून रवानगीपर्यंतची सारी पाइपलाइन अशाच खुणांवरून उभी केली. तथापि भांडारांत मनुष्यानें लिहिलेलें आज्ञापत्र असेल, तर तेंच प्रमाण मानावयाचें, हा नियम तिनें राखला. त्यानंतर तर संपूर्ण भांडार वाचून आज्ञापत्र लिहून देणारीं भाषेचीं मॉडेलें आलीं.

कोठीघर पाहून काय शिजवितां येईल, हें चतुर स्वयंपाक्याला कळतें. पंगतीला कोण बसणार आणि कोणाचा उपवास आहे, हें मात्र कोठी सांगत नाहीं. भाषा कोणती, साधनें कोणतीं, हें भांडारावरून ओळखतां येतें. कोणती परीक्षा चुकल्यास काम थांबवावें, रवानगीचा अधिकार कोणाला द्यावा, हे निर्णय मात्र कोणी तरी घ्यावेच लागतात.

आणि न वाचलेलें आज्ञापत्र किती घातक ठरूं शकतें, हें २०२४ मध्यें दिसलें. फाइली संकुचित करणाऱ्या ‘एक्सझेड’ या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांच्या वाटपाच्या गठ्ठ्यांत बांधणीची एक फाइल बदललेली होती. सर्वांना दिसणाऱ्या भांडारांत ती नव्हतीच. परीक्षेच्या नमुन्यांत दडविलेलें विष ती फाइल बांधणीच्या वेळीं हळूच बाहेर काढून प्रोग्रॅममध्यें मिसळी, आणि दूरच्या सर्व्हरला चोरदार पडे. निर्माण झालेल्या हजारों ओळींच्या स्क्रिप्टा कोणी वाचीत नाहीं, ही संवय त्या कपटाला सोयीची झाली. सर्व्हरमध्यें प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला शंका आली. आणि २९ मार्च २०२४ रोजीं त्यानें तें जगाला सांगितलें.

जॉन्सनची सकाळ वायां गेली ती मनुष्याच्या विस्मरणामुळें. त्या विस्मरणाची भरपाई यंत्रानें उत्तम प्रकारें केली. २०२४ चें संकट ओढवलें तें न वाचण्यामुळें, आणि त्याची भरपाई अर्ध्या सेकंदाची विचारपूस करणाऱ्या एका मनुष्याला करावी लागली.