कच्चा रंग आणि पक्का रंग

चित्रकलेचा इतिहास लिहितांना आपल्याकडे चित्रकाराच्या प्रतिभेविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. परंतु ज्या मातीवर, कागदावर किंवा कापडावर ती प्रतिभा उतरली, आणि ज्या सरसानें, डिंकानें किंवा तेलानें तिला धरून ठेवलें, त्यांचा इतिहास कारागिराच्या खातीं मांडून ग्रंथकार मोकळे होतात. नाटक ताडपत्रावर लिहिलेलें असो कीं कागदावर, तें तेंच राहतें. त्याची नक्कल केली तरी त्यांतील रस उणा होत नाहीं. चित्राचें तसें नाहीं. चित्राचें शरीर गेलें कीं त्याबरोबर चित्रहि गेलें. म्हणून या शरीराचा विचार गौण समजतां येत नाहीं, आणि तोच येथें थोडक्यांत मांडण्याचा आमचा हेतु आहे.

हा विचार सुचण्यास आमचें गांवहि कारण झालें. सोलापूरच्या भवानी पेठेंत व तिच्या आसपासच्या पेठांत तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या कित्येक पिढ्या नांदल्या. येथें सुताची लडी हातांत घेणारा मनुष्य रंगाची छटा पाहतो खरा. पण त्याबरोबरच तो विचारतो कीं, रंग कच्चा कीं पक्का? हा प्रश्न ज्यास विचारतां येत नाहीं, त्याच्या मालास बाजारांत किंमत नाहीं. उलट चित्र काढणारा, चित्र विकत घेणारा अथवा चित्रावर टीका लिहिणारा सुशिक्षित मनुष्य हा प्रश्न सहसा विचारीतच नाहीं. या उपेक्षेची किंमत किती मोठी असते, तें पाहण्यास महाराष्ट्राबाहेर जाण्याचें कारण नाहीं.

अजिंठ्याच्या लेण्यांतील बरींच चित्रें इसवी सनाच्या पांचव्या शतकांतील, वाकाटकांच्या काळचीं आहेत. चुन्याचा गिलावा ओला आहे तोंच त्यावर रंग भरावयाचा, ही इटलींतील ‘फ्रेस्को’ची रीत, तींत चुना घट्ट होतांना रंगासहि आपल्यांत सामावून घेतो. अजिंठ्याची रीत ती नव्हे. तेथें लेण्याची भिंत टांकीनें खडबडीत ठेवली, म्हणजे लेप धरून राहतो. तिच्यावर माती, बारीक खडी, भाताचें तूस आणि वनस्पतींचे तंतु कालवून गिलावा केला. त्यावर चुन्याचा पातळ हात दिला, आणि तो वाळल्यावर सरसांत खललेले रंग भरले. रंग तरी किती? गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळ आणि पांढरा. यांतले बहुतेक माती-दगडांचेच. लाजवर्दाचा निळा तेवढा दूर अफगाणिस्तानच्या खाणींतून येई. जी माती युगानुयुगें ऊन खात पडली होती, तिला आणखी दीड हजार वर्षांचा उजेड काय करणार? अजिंठ्याचे रंग पक्के ठरले याचें एक कारण हें आहे.

गिलाव्याची गोष्ट मात्र निराळी. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यांत भांगेच्या झाडाचे तंतु मिसळलेले होते, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दाखविलें आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यांत ते आढळले नाहींत; आणि अजिंठ्यास किड्यांनीं गिलाव्याचा पुष्कळ भाग पोखरला असतां वेरूळास तो उपद्रव फार कमी झाला, याचा संबंध संशोधकांनीं या तंतूंशीं जोडला आहे. म्हणजे एखादें सुंदर मुख आज आपणांस दिसतें कीं नाहीं, हें त्याच्या खालच्या मातीत कोणतें गवत कालविलें होतें यावर ठरलें! पाया चुकला तर श्रेष्ठ हातहि कांहीं करूं शकत नाहीं, याची साक्ष युरोपांतहि आहे. लिओनार्दो द व्हिंचीनें १४९५ ते १४९८ या काळांत मिलान येथें ‘शेवटचें भोजन’ हें भित्तिचित्र काढलें. त्यास सावकाश, पुन्हां पुन्हां हात फिरवीत काम करावयाचें होतें. ओला चुना तेवढा वेळ थांबत नाहीं, म्हणून त्यानें कोरड्या भिंतीवर रंग दिले. त्याच्या डोळ्यांदेखत, वीस वर्षांच्या आंतच, तें चित्र बिघडूं लागलें होतें.

अजिंठ्याचीं चित्रें जगापुढें आणण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांची कथाहि उद्बोधक आहे. रॉबर्ट गिल या सैनिकी अधिकाऱ्यानें १८४४ पासून पुढें अनेक वर्षें खपून तेथील चित्रांच्या नकला तैलरंगांत केल्या. त्यांतील बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ सालीं लागलेल्या आगींत नष्ट झाल्या. पुढें मुंबईच्या कलाशाळेंतील जॉन ग्रिफिथ्स यांनीं पेस्तनजी बोमनजी प्रभृति विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन १८७२ ते १८८५ पर्यंत हेंच काम पुन्हां केलें. त्या नकलांपैकींहि पुष्कळशा १८८५ सालीं लंडनांतच जळाल्या. आग हा दैवाचा घाला म्हणूं. परंतु या नकलांच्या काळांत मूळ चित्रें स्पष्ट दिसावींत म्हणून त्यांवर रोगण चढविण्यांत आलें, हा दैवाचा घाला नव्हे. रोगणानें त्या वेळीं रंग खुलले, आणि कालांतरानें तें पिवळें पडून त्यानें तेच रंग झांकून टाकले. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनें इटलीहून चेकोनी व ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ आणविले. त्यांनीं सुटूं लागलेला गिलावा भिंतीशीं जखडला ही त्यांची मोठी सेवा. पण त्यांनीं दिलेला लाखेचा लेपहि पुढें पिवळा पडला, आणि तो काढण्याचें नाजूक काम भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांस कित्येक वर्षें करावें लागलें. जे रक्षण करावयास आले त्यांच्याच हातून हें झालें. कारण आज चमकणारा लेप पन्नास वर्षांनीं कसा दिसेल, हा प्रश्न आधीं विचारला गेला नाहीं.

मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ सालीं निघाली, आणि तैलरंगाचें पद्धतशीर शिक्षण आपल्याकडे रुजूं लागलें. तत्पूर्वीं ही विद्या मिळणें किती कठीण होतें, हें राजा रविवर्मा यांच्या चरित्रावरून दिसतें. त्रावणकोरच्या दरबारीं १८६८ सालीं आलेला थिओडोर जेन्सन हा चित्रकार त्यांस शिकविण्यास तयार नव्हता; तो काम करीत असतां पाहण्याची मुभा तेवढी मिळाली, आणि त्या पाहण्यावरच रविवर्म्यांनीं आपली वाट काढली. तैलरंगाची खुबी ज्या तेलांत आहे, तें तेल मात्र परकें नव्हे. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातों, त्याच जवसाचें तें तेल. पाणी वाळतें म्हणजे उडून जातें. जवसाचें तेल उडून जात नाहीं, तें हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें आणि त्याची चामड्यासारखी चिवट साय बनते. यावरूनच तैलचित्राचा पहिला नियम निघतो: खालच्या थरांत तेल कमी, वरच्या थरांत अधिक. याच्या उलट केलें, तर वरचा थर वाळून ताठ झाला तरी खालचा हलतच राहतो, आणि चित्रास भेगा पडतात. घाई झालेल्या चित्रकाराची सही त्या भेगांतहि वाचतां येते.

जलरंगाची नीति याहून कठोर. तेथें चूक झांकतां येत नाहीं, कारण पारदर्शक जलरंगांत उजेड कागदाचा असतो. रंग केवळ त्यावरील पडदा. सावळाराम हळदणकर यांचें १९४५–४६ च्या सुमाराचें, हातांतील दीप तळव्यानें झांकून उभ्या असलेल्या स्त्रीचें चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. तें तैलचित्र असावें असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः तें जलरंगांत आहे. बोटांमधून पाझरणारा तो प्रकाश साधावयाचा, तर कागदाचा शुभ्रपणा कोठें राखावयाचा आणि कोठें रंगावर रंग चढवीत अंधार दाट करावयाचा, याचा हिशेब रंगांत कुंचला बुडविण्यापूर्वीं झालेला असला पाहिजे.

आतां विणकराच्या प्रश्नाकडे वळूं. त्याचा ‘पक्का’ आणि चित्रकाराचा ‘पक्का’ हे शब्द एक असले तरी त्यांची कसोटी एक नाहीं. विणकर पाण्याची परीक्षा घेतो, चित्रकारानें उजेडाची घ्यावयास हवी. याचें उत्तम उदाहरण तांबड्या रंगांत सांपडतें. पूर्वी आपल्याकडे आलाच्या मुळांपासून व युरोपांत मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून तांबडा रंग काढीत. १८६८ सालीं ग्रेबे व लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनीं मंजिष्ठेंतील अ‍ॅलिझरिन हें रंगद्रव्य प्रयोगशाळेंत तयार केलें, आणि मुळांचा धंदा बुडाला. तुरटी वगैरेंच्या साहाय्यानें सुतावर बसविलेला हा तांबडा धुण्यास टिकण्याबद्दल प्रसिद्ध होता. तोच रंग नळींत भरून ‘अ‍ॅलिझरिन क्रिमझन’ या नांवानें चित्रकारापुढें आला. आणि कागदावर त्याचा पातळ हात दिला तर उजेडांत तो विटत जातो. कपड्यावर पक्का, कागदावर कच्चा! व्हॅन गॉग यांनीं १८८८ सालीं आपल्या शयनगृहाच्या भिंती जांभळट रंगविल्या होत्या. त्यांतील तांबडा उडून गेला, आणि आज जग त्या भिंती निळ्या म्हणून पाहतें. चित्रकारानें योजिलेली रंगसंगति आपण पाहतच नाहीं. काळानें उरविलेली पाहतों.

यावरून हौशी व धंदेवाईक दोघांनींहि घ्यावयाचा धडा फारसा खर्चाचा नाहीं. नळीवर कारखानदारानें दिलेल्या सुरेख नांवाकडे न पाहतां रंगद्रव्याचा क्रमांक पाहावा. ‘पी आर ८३’ म्हणजे तोच अ‍ॅलिझरिन. त्याऐवजीं १९५८ पासून बाजारांत आलेले क्विनाक्रिडोन जातीचे तांबडे घ्यावे. गेरू व पिवडी यांवर निःशंक भरंवसा ठेवावा. क्रमांकच छापलेला नसेल, तर परीक्षा घरीं घ्यावी: कागदाच्या पट्टीवर रंगांचे पातळ पट्टे ओढून अर्धा भाग जाड काळ्या कागदानें झांकावा, आणि ती खिडकींत तीन महिने उन्हांत ठेवावी. सोलापूरच्या उन्हाविषयीं आपण नेहमीं तक्रार करतों. रंगांचा परीक्षक म्हणून त्याच्याइतका चोख कोणी मिळावयाचा नाहीं. उन्हाळ्यांत जलरंगांचें काम सकाळीं लवकर करावें, आणि कागद दोहों बाजूंनीं भिजवून फळीवर ताणून घ्यावा. नाहीं तर रंगाचा हात कडेपर्यंत पोंचण्याच्या आधींच वाळतो व ओरखडे उमटतात. तैलचित्रास रोगण देण्याची घाई करूं नये. जाड रंग आंतून वाळण्यास महिने लागतात. चित्र समोरच्या उन्हाच्या भिंतीवर टांगूं नये, आणि कागदावरील चित्राच्या पाठीस साधा पुठ्ठा न लावतां आम्लरहित पुठ्ठा लावावा.

सरकारी रेखाकला परीक्षांस दरवर्षीं महाराष्ट्रांतील हजारों मुलें बसतात. त्यांस छाया-प्रकाश शिकविला जातो, संकल्पचित्र शिकविलें जातें. पण आपण वापरतों तो रंग कशाचा झाला आहे, हें सांगणारा शिक्षक विरळा. कारागिराचें ज्ञान हलकें आणि कलावंताचें उच्च, हा भेद आपण सुशिक्षितांनीं मानला, आणि त्यांत दोघांचेंहि नुकसान केलें. अजिंठ्याच्या गिलाव्यांत माती मळणारे हात आणि तेथील बोधिसत्त्वाचे डोळे रेखणारे हात यांच्यांत अशी भिंत असती, तर त्या डोळ्यांची करुणा आपल्यापर्यंत पोंचलीच नसती. विणकराचा साधा प्रश्न आपल्या चित्रशाळांत व आपल्या घरांत विचारला जाऊं लागेल, तर आज आपलीं मुलें काढीत असलेलीं चित्रें त्यांच्या नातवंडांस आहेत त्याच रंगांत पाहावयास मिळतील.