अनुभवाची साक्ष

देव आहे की नाही, हा प्रश्न आज आम्ही चर्चेला घेतलेला नाही. तो सोडविण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि एका संध्याकाळच्या व्याख्यानात तो सुटणारही नाही. आमचा प्रश्न त्याहून लहान आणि इतिहासाच्या आटोक्यातला आहे. जो मनुष्य देव मानतो, तो कोणाच्या साक्षीवर मानतो? पोथीत लिहिले आहे म्हणून, की स्वतःला काही प्रचीती आली म्हणून? पोथीची साक्ष सर्वांस दिसते, ती उघडून दाखविता येते. मनातील साक्ष दुसऱ्यास दाखविता येत नाही. मग अशा साक्षीवर एखादा समाज उभा राहू शकतो काय? एकोणिसाव्या शतकात हा प्रयोग आपल्या देशात खरोखरीच झाला. प्रथम बंगालमध्ये, आणि पाठोपाठ आपल्याकडे. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

आरंभ देवेंद्रनाथ ठाकुरांपासून करू. रवींद्रनाथांचे हे वडील. जन्म १८१७ सालचा, घर कलकत्त्यातील मोठ्या सावकार-व्यापाऱ्याचे. वडील द्वारकानाथ यांच्या ऐश्वर्याची कीर्ती विलायतेपर्यंत पोचलेली. ऐन तारुण्यात देवेंद्रनाथांची आजी वारली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अखेरच्या दिवसांत तिला गंगेच्या काठी नेऊन ठेवले होते. तेथे रात्री चटईवर बसले असता एकाएकी आपल्या मनातून संपत्तीची ओढ गळून पडली आणि पूर्वी कधी न जाणवलेला आनंद भरून आला, असे त्यांनी आपल्या बंगाली आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. पण हा आनंद टिकला नाही. तो गेला आणि मागे मोठी उदासी राहिली. तो पुन्हा कसा मिळेल, हे सांगणारे कोणी नव्हते.

पुढे एक दिवस एका संस्कृत ग्रंथाचे फाटलेले पान त्यांच्या समोरून उडत गेले. त्यांनी ते उचलले, पण अर्थ लागेना. ब्राह्म समाजातील पंडित रामचंद्र विद्यावागीश यांनी तो सांगितला. ते ईशोपनिषदाचे पान होते. आपल्या मनात जे येऊन गेले, तेच कोणी ऋषी सांगून गेला आहे, हे पाहून त्यांस धीर आला. या प्रसंगातील क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अनुभव आधी आला, ग्रंथ मागून आला. पण ग्रंथ आला नसता, तर तो अनुभव एका तरुणाच्या मनातील क्षणभराची लहर म्हणून विरून गेला असता, असेही म्हणता येईल. ग्रंथ आणि अनुभव यांचा झगडा आपण समजतो तितका सरळ नाही, हे येथेच दिसते.

देवेंद्रनाथांनी १८३९ साली तत्त्वबोधिनी सभा काढली आणि १८४३ साली ब्राह्म धर्माची दीक्षा घेतली. त्या वेळी वेद हेच समाजाचे प्रमाण, अशी त्यांची समजूत होती. मिशनऱ्यांनी विचारले, तुमचे वेद खरोखर निर्दोष आहेत काय? घरातूनही तोच प्रश्न आला. अक्षयकुमार दत्त हे त्यांचे सहकारी तर्काचे मोठे कैवारी होते. यावर देवेंद्रनाथांनी जे केले, ते आमच्या मते त्यांच्या प्रामाणिकपणाची मोठी खूण आहे. न वाचता वेदांचा पुरस्कार करणारे पुष्कळ होते, आणि न वाचता त्यांस नावे ठेवणारेही पुष्कळ होते. देवेंद्रनाथांनी चार विद्यार्थी काशीस पाठविले, चार वेद शिकून या म्हणून. १८४७ साली ते स्वतःही काशीस जाऊन आले. अभ्यास झाल्यावर निष्कर्ष निघाला, तो आपल्या इच्छेविरुद्ध. सारा वेद निर्दोष मानता येत नाही. उपनिषदांतीलही सारे मानता येत नाही. १८५० च्या सुमारास ब्राह्म समाजाने वेदप्रामाण्य सोडले.

मग पाया कोणता? देवेंद्रनाथांचे उत्तर असे, की ज्ञानाने उजळलेले शुद्ध हृदय हाच पाया. उपनिषदांतील जी वचने या हृदयास पटली, तेवढी वेचून त्यांनी ‘ब्राह्मधर्म’ नावाचा ग्रंथ सिद्ध केला. पुस्तकाने माणसाची परीक्षा करावी, ही जुनी रीत. येथे माणसाने पुस्तकाची परीक्षा केली.

याच सुमारास त्यांच्या शुद्ध हृदयाचीही परीक्षा झाली. द्वारकानाथ १८४६ साली लंडनमध्ये वारले आणि १८४८ साली त्यांची पेढी बुडाली. काही जमिनी विश्वस्त-व्यवस्थेत असल्यामुळे घेणेकऱ्यांस त्यांवर हात टाकता येत नव्हता. देवेंद्रनाथांनी त्याही पुढे केल्या, आणि पुढील कित्येक वर्षांत वडिलांचे कर्ज फेडले. गंगेकाठच्या रात्री संपत्तीची ओढ गळून पडली, हे त्यांचे बोलणे खरे होते की नाही, याचा पुरावा आम्हांस त्या रात्रीत सापडत नाही. तो या कर्जफेडीत सापडतो.

आता महाराष्ट्राकडे वळू. अनुभवाची भाषा आपल्याकडे बंगालमधून आली, असे कोणी समजू नये. वेदांचा अधिकार नसलेल्या देहूच्या वाण्याने सतराव्या शतकात तीच भाषा केली होती. शूद्राने प्राकृतात वेदार्थ सांगावा, यावर वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी आक्षेप घेतला आणि तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, असे परंपरा सांगते. त्याच परंपरेप्रमाणे रामेश्वरभट्ट पुढे तुकोबांचेच भक्त झाले. तुकोबांनी वेद नाकारला नाही. वेदांचे मर्म पाठांतराने हाती येत नाही, ते भोगावे लागते, एवढाच त्यांचा दावा होता. पण व्यवहारात तो ग्रंथाच्या मक्तेदारांवर केवढा तरी आघात होता.

ही परंपरा घरात होती, म्हणूनच केशवचंद्र सेन १८६४ साली मुंबईस आले तेव्हा त्यांचे बोल येथील सुशिक्षितांस परके वाटले नाहीत. ३१ मार्च १८६७ रोजी डॉक्टर आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. कोणताही ग्रंथ ईश्वराने स्वतः सांगितलेला किंवा सर्वांशी निर्दोष नाही, हे तत्त्व त्यांनी स्वीकारले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे लवकरच समाजात आले. मात्र त्यांनी बंगालचे नाव घेतले नाही आणि बंगालचा मार्गही जसाच्या तसा उचलला नाही. उपासनेत त्यांनी तुकोबांचे अभंग आणले. त्याच काळात, १८६९ आणि १८७३ साली, तुकोबांची गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून दोन खंडांत छापून निघाली, ही गोष्टही सोयीची झाली. देवेंद्रनाथांचे चिरंजीव सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात न्यायखात्यात होते. पुढे साताऱ्यास न्यायाधीश होते. त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. असा हा देवघेवीचा व्यवहार होता.

येथवरची हकीकत आनंदाची आहे. पण अनुभवप्रामाण्याचा खरा कस पुढे लागला, आणि तो केशवचंद्रांच्याच घरी लागला.

केशवचंद्र १८५७ साली ब्राह्म समाजात आले. वाणी विलक्षण, भक्ती उत्कट. १८६६ साली देवेंद्रनाथांपासून वेगळे होऊन त्यांनी भारतवर्षीय ब्राह्म समाज स्थापिला. ब्राह्म विवाहांस कायद्याची मान्यता मिळावी म्हणून त्यांनी खटपट केली आणि १८७२ चा विवाहाचा कायदा झाला. त्यात वधूचे वय निदान चौदा आणि वराचे निदान अठरा असावे, असे ठरले. बालविवाहाविरुद्ध हे मोठेच पाऊल होते. सहा वर्षांनी, मार्च १८७८ मध्ये, केशवचंद्रांनी आपली कन्या सुनीती कूचबिहारच्या राजास दिली. वधूचे वय चौदापेक्षा कमी, वराचे अठरापेक्षा कमी. अनुयायांनी जाब विचारला. त्यावर केशवचंद्रांचे उत्तर असे, की आपण हे ईश्वराच्या आदेशाने केले.

क्षणभर थांबून या उत्तराचा विचार करावा. ‘शास्त्रात असे लिहिले आहे’ असे कोणी म्हटले, तर शास्त्र उघडून वाद घालता येतो. पाठभेद दाखविता येतो, दुसरे वचन पुढे करता येते. ‘देवाने मला सांगितले’ असे म्हटल्यावर वाद कोठे घालावयाचा? ज्यांनी ग्रंथाच्या जुलमातून सुटका करून घेतली होती, त्यांच्यावर आता एका माणसाच्या अंतःकरणाचा जुलूम आला. ग्रंथ निदान सर्वांच्या हाती असतो. हे अंतःकरण एकाच्याच ताब्यात होते.

अनुयायांनी ते मानले नाही. १५ मे १८७८ रोजी आनंदमोहन बसू, शिवनाथ शास्त्री प्रभृती मंडळींनी साधारण ब्राह्म समाज वेगळा काढला. ‘साधारण’ म्हणजे सर्वांचा. त्यांनी लिखित नियम केले, निवडलेली समिती नेमली, निर्णय बहुमताने व्हावे असे ठरविले. देवाचा अनुभव त्यांनीही नाकारला नाही. परंतु तुमच्या अनुभवातून समाजासाठी जो हुकूम निघेल, त्यावर चार जणांची चर्चा झालीच पाहिजे, अशी त्यांनी तजवीज केली. धर्माच्या इतिहासात ही तजवीज लहान दिसते. आम्हांस ती फार मोलाची वाटते.

आपल्या रानड्यांचीही या जागी आठवण होते, आणि ती सुखाचीच आहे असे नाही. पुण्यातील वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू करणारे हे थोर पुरुष विधवाविवाहाचे कैवारी होते. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली आणि वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. त्याबद्दल सुधारकांनी त्यांस दोष दिला, तो योग्यच होता. पण एक भेद सांगितल्यावाचून राहवत नाही. हे आपण देवाच्या आदेशाने केले, असे रानडे म्हणाले नाहीत. पहाटे उठून तुकोबांचे अभंग म्हणताना ज्यांची वृत्ती तल्लीन होत असे, असे रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, त्या पुरुषाने आपला दुबळेपणा त्या तल्लीनतेच्या खाती मांडला नाही. दोष दोघांच्याही हातून घडला. देवाच्या नावावर तो एकानेच घातला.

अनुभवाची कसोटी आचरणात लागते, ही गोष्ट महाराष्ट्रात पुढे इतरांनी अधिक धीटपणे दाखविली. ग्रंथांचा जन्मभर अभ्यास करणाऱ्या भांडारकरांनी १८९१ साली आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह केला. प्रार्थना समाजाच्या बाहेर उभे राहून जोतीराव फुल्यांनी या मंडळींवर कडक टीका केली. १८८५ सालच्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी ब्राह्म आणि प्रार्थना समाजांचा खरपूस समाचार घेतला. ईश्वरनिर्मित ग्रंथ नाही, हे त्यांनाही मान्यच होते. निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुषांस सारखे हक्क दिले आहेत, हे त्यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकाचे सार. त्यांचा सवाल एवढाच, की ज्यांच्या हृदयात देव प्रकटतो, त्यांच्या अंगणात अस्पृश्याला पाणी मिळते काय? या सवालाला प्रार्थना समाजाच्या आतून उत्तर दिले ते विठ्ठल रामजी शिंदे यांनी. ऑक्सफर्डला तौलनिक धर्माचा अभ्यास करून ते १९०३ साली परतले, समाजाचे प्रचारक झाले, आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. वस्तीत शाळा काढणे ही त्यांची उपासना झाली.

याच काळात अमेरिकन पंडित विल्यम जेम्स यांनी एडिंबरो येथे १९०१-०२ साली धार्मिक अनुभवांच्या विविध प्रकारांवर व्याख्याने दिली. शेकडो माणसांच्या अनुभवकथा तपासून तेही याच मुक्कामास आले, की अनुभवाची किंमत त्याच्या उगमावरून ठरवू नये, फळांवरून ठरवावी. आपल्या वारकऱ्याला हे नवे वाटणार नाही.

आता आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. अनुभवावर समाज उभा राहू शकतो काय? राहू शकतो, पण एकट्या अनुभवावर नाही. देवेंद्रनाथांस ते फाटके पान लागले, प्रार्थना समाजास तुकोबांची गाथा लागली, साधारण समाजास नियमांचे पुस्तक लागले. अनुभव ज्याला आला, त्याच्यापुरता तो पुरेसा असेल. तो दुसऱ्यास मान्य करावयास लावायचा असेल, तर दुसऱ्याचा प्रश्न ऐकून घेण्याची तयारी पाहिजे, आणि त्याची किंमत प्रथम आपल्या पदरची मोजली पाहिजे. देवेंद्रनाथांनी ती जमिनी देऊन मोजली. केशवचंद्रांच्या आदेशाची किंमत मात्र एका तेरा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यातून मोजली गेली.

आजही पुष्कळ जण आम्हांस देव भेटला असे सांगतात, आणि त्यांच्याभोवती मोठे मेळावे भरतात. ते खोटे बोलतात, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही; खरे बोलतात, असे मानण्याची सक्तीही आमच्यावर नाही. त्यांच्या अनुभवाच्या आत आपल्याला जाता येणार नाही. त्या अनुभवाचा खर्च कोणाच्या नावे पडतो आहे, एवढे पाहणे मात्र आपल्या हातात आहे. श्रोतेहो, ग्रंथाचा आधार सोडणाऱ्याने निदान हा हिशेब तरी उघडा ठेवला पाहिजे, आणि तो तपासण्याचा हक्क आपण सोडता कामा नये.