जिल्हा म्हणजे बरगडी

माजलगाव तालुक्यातलं दिंद्रुड हे गाव बालाघाटच्या पायथ्याकडचं. दक्षिणेला डोंगराची रांग, धारूरला जायचं तर घाट चढावा लागतो. उत्तरेला जमीन उतरत उतरत सिंदफणेकडे आणि पुढे गोदावरीकडे जाते. इथल्या बोलीत ह्या उतारासाठी शब्दांची कमी नाही. माळ, बरड, चढ, लवण, ओढा... बरडावर मुरूम आणि वीतभर माती, लवणात खोल काळी. म्हणजे शेत कुठे आहे एवढं कळलं की निम्मं पीकपाणी कळलं!

आता सरकारी शब्द बघा. जिल्हा, तालुका, तहसील, मौजे, महसूल, हद्द. सगळे मूळचे अरबी, फारसीच्या वाटेनं आलेले. बीड १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. त्या राज्यात पहिल्या सालारजंगांनी १८६५ मध्ये जिलाबंदी केली, म्हणजे मुलखाचे रीतसर जिल्हे पाडले.

तुम्ही म्हणाल, अरबीत उताराला शब्द नव्हते का? होते की, भरपूर! नज्द म्हणजे उंचावरचा प्रदेश. सौदी अरेबियाच्या मधल्या भागाचं नावच ते. गौर म्हणजे खोलगट भाग. जॉर्डन नदीच्या खोऱ्याला तेच म्हणतात. अकबा म्हणजे डोंगरातली अवघड चढण. जॉर्डनच्या बंदराचं नाव त्यावरूनच. पण ह्यातलं काही आपल्याकडे रुजलं नाही. कारण सरळ आहे. आपल्याकडे अरबी शब्द आले ते मुख्यतः फारसी लिहिणाऱ्या दफ्तरातून, अरब मेंढपाळांकडून नव्हे. दफ्तराला वसूल मोजायचा होता, उतार नाही.

एक अपवाद डोंगराच्या नावातच आहे, पण तो फारसी. बाला म्हणजे वरचा, घाट आपलाच. वऱ्हाडात त्याची जोडी पूर्ण होते: खालचा तो पाईनघाट.

खरी गंमत मात्र 'जिल्हा' ह्या शब्दात आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ बरगडी, त्यावरून बाजू, आणि मग मुलखाचा भाग. पण तेराव्या शतकातल्या 'लिसान अल-अरब' ह्या शब्दकोशात त्याचा आणखी एक अर्थ दिलाय: बुटका, निमुळता, लांबट डोंगर. बरगडीसारखा दिसणारा. म्हणजे थेट आपला बालाघाट! डोंगराचा शब्द कचेरीत आला आणि सपाट झाला. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. व्हेरिएबलचं नाव तेच राहतं, आत काय भरलंय ते कधीच बदललेलं असतं :)

असो. हा नुसता शब्दांचा खेळ नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारनं राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. बीडमधले धारूर, अंबाजोगाई आणि वडवणी त्यात होते, माजलगाव नव्हता. नंतर नोव्हेंबरमध्ये महसूल मंडळांची वेगळी यादी काढावी लागली. तालुका काय, मंडळ काय, रेघ शेवटी कागदावरचीच. तिच्या आत बरडही असतं आणि लवणही, आणि पाऊस सारखाच पडला तरी दोन्हीकडे पाणी सारखं थांबत नाही.

आपण सातबारा ऑनलाइन काढतो तेव्हा गट नंबर, क्षेत्र, आकार सगळं दिसतं. शेत बरडावर आहे की लवणात, हे मात्र अजूनही गावात जाऊन म्हाताऱ्या माणसांनाच विचारावं लागतं. ती आहेत तोवर विचारून घ्या.