वार्तेची मिती आणि पेढीची पत

जुन्या पत्राच्या दोन मित्या असतात. एक लिहिल्याची, दुसरी पैवस्तीची. लढाई कधीं झाली हें पहिलीवरून ठरतें. ती ऐकून लोक कसे वागले हें दुसरीवांचून उमगत नाहीं. राजकारणाच्या इतिहासांत हा नियम सर्वमान्य आहे. पेढ्यांच्या इतिहासांतही तो तितकाच अवश्य आहे, हें बँक ऑफ इंग्लंडच्या इ. स. १७९७ मधील प्रकरणावरून दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मूळ दुखणें जुनें होतें. १७९३ पासून फ्रान्सशीं युद्ध चालू असून बँकेनें सरकारास मोठीं कर्जें दिलीं होतीं. ऑगस्ट १७९५ मध्यें बँकेपाशीं सुमारें ५१ लक्ष पौंडांचें सोनेंनाणें होतें. तें फेब्रुवारी १७९७ अखेर सुमारें ११ लक्षांवर आलें. फ्रेंचांच्या स्वारीच्या आवया उठत होत्या व लोक नोटा देऊन नाणें घरांत पुरीत होते. न्यूकॅसल येथील पेढ्यांनीं तर ता. २० फेब्रुवारीसच रोकड देणें थांबविलें.

ता. २२ रोजीं वेल्सच्या किनाऱ्यावर फिशगार्डजवळ सुमारें १४०० फ्रेंच सैनिक उतरले. हें वर्तमान ता. २५ रोजीं लंडनास पोहोंचलें. ता. २६ रोजीं, रविवार असतांही, राजाच्या मंत्रिमंडळानें बँकेस रोकड न देण्याची आज्ञा केली व सोमवारीं ती अमलांत आली. आतां मित्या ताडून पाहाव्या. ते फ्रेंच ता. २४ रोजींच शस्त्रें ठेवून शरण आले होते! म्हणजे ज्या शत्रूच्या धास्तीनें ही आज्ञा निघाली, तो दोन दिवसांपूर्वींच कैदेंत पडला होता. शत्रु गेला, पण बंद झालेली रोकड पूर्ववत् सुरू होण्यास १८२१ साल उजाडावें लागलें.

यावर कोणी म्हणतील कीं, खजिना रिता होत असतां बँक आज ना उद्यां थांबलीच असती. हा आक्षेप आम्हांस बराचसा मान्य आहे. वार्तेनें रोग उत्पन्न केला नाहीं. तिनें तो चिघळविला व संकटाचा दिवस ठरविला, इतकेंच आमचें म्हणणें.

दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. त्याच सोमवारीं लंडनचे व्यापारी मॅन्शन हाउसमध्यें जमले व बँकेच्या नोटा आपण स्वीकारूं असा त्यांनीं ठराव केला. तो वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाला, आणि नोटांची पत सांवरली. एका बातमीनें ढळलेला धीर दुसरीनें परत आणिला.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, सावकारी दप्तरांतील खोट्या ठरलेल्या वार्तांचे कागद निरुपयोगी म्हणून टाकूं नयेत, व त्यांवरील पैवस्तीची मिती नकलून घेण्यास चुकूं नये. वार्ता खोटी असली तरी तिनें उपजविलेलें भय खरें असतें. आणि बाजार कां बुडाला याचा जबाब पुष्कळदां त्या भयापाशींच सांपडतो.