ऑस्ट्रेलियातील ससेनियंत्रण आणि ट्रॅक्टरचलित बीळविध्वंस : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

कृषी इतिहासात यंत्राचा विचार प्रामुख्याने उत्पादनवाढीच्या अंगाने केला जातो. नांगरणी, पेरणी व मळणी यांत ट्रॅक्टरने घडविलेले परिवर्तन सर्वज्ञात आहे. परंतु जमिनीखाली वस्ती करणाऱ्या उपद्रवी प्राण्यांच्या नियंत्रणासाठी झालेला त्याचा उपयोग तुलनेने दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात ऑस्ट्रेलियातील सशांच्या उपद्रवासंदर्भात या उपयोगाचा आढावा घेतला असून, कुंपण, विष व विषाणू या उपायांच्या तुलनेत बीळविध्वंसाचे स्थान कोणते, याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी

१७८८ मध्ये पहिल्या ब्रिटिश ताफ्याबरोबर ससे ऑस्ट्रेलियात आले. मात्र त्यांचा प्रसार मर्यादित राहिला. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपोटी इंग्लंडहून ससे मागवून व्हिक्टोरियातील बार्वन पार्क येथे ठेवले. या छोट्याशा कळपापासूनच खंडव्यापी प्रसार झाला, या मतास २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने पुष्टी दिली. सुमारे अर्धशतकात सशांनी खंडाचा मोठा भाग व्यापला. कुरणे उजाड झाली, मातीची धूप वाढली व मेंढपाळी संकटात आली.

उपाययोजनांचा प्रवास

१८८७ मध्ये न्यू साउथ वेल्स सरकारने प्रभावी जैविक उपायासाठी २५,००० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. लुई पाश्चर यांनी कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू सुचवून आपला भाचा आद्रियाँ ल्वार यास सिडनीला धाडले. तथापि तो प्रस्ताव स्वीकारला गेला नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०१ ते १९०७ या काळात ससेरोधक कुंपणे उभारण्यात आली. त्यांतील पहिले कुंपण १,८०० किलोमीटरहून अधिक लांबीचे होते. पण सशांनी तेही ओलांडले. १९५० मध्ये मिक्सोमा विषाणू सोडण्यात आला. डासांमार्फत तो वेगाने पसरला व प्रारंभी बाधित सशांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक दगावले. परंतु काही वर्षांतच विषाणू सौम्य झाला आणि सशांत प्रतिकारशक्ती निर्माण झाली. १९९५ मध्ये वॉर्डांग बेटावरील चाचणीतून निसटलेल्या कॅलिसी विषाणूनेही प्रथम मोठा संहार केला. त्याचा प्रभावही पुढे ओसरत गेला.

ट्रॅक्टर आणि बीळविध्वंस

ससा बिळांच्या जाळ्यात राहतो. तेथेच त्याचे प्रजनन होते. उष्णता, दुष्काळ व भक्षक यांपासून संरक्षणही तेथेच मिळते. शुष्क प्रदेशात तो नवे जाळे क्वचितच खोदतो. जुनेच पुन्हा वापरतो. म्हणून ससे मारले तरी बिळे शिल्लक राहिल्यास थोड्याच काळात वस्ती पुन्हा भरते. कुदळ-फावड्याने बिळे खणून काढणे अत्यंत कष्टाचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर साखळीपट्ट्यांवर चालणारे शक्तिशाली ट्रॅक्टर उपलब्ध झाले व हे काम मोठ्या क्षेत्रावर शक्य झाले. ट्रॅक्टरमागे जोडलेले लांब पोलादी दाते जमिनीत खोल घुसवून प्रथम एका दिशेने व नंतर आडवे असे जाळे फाडले जाते. कडेची बिळे सुटू नयेत म्हणून जाळ्याच्या सीमेबाहेर काही मीटरपर्यंत दाते चालवावे लागतात. माती कोरडी व सशांची संख्या कमी असताना, म्हणजे विष अथवा रोग यांच्या पाठोपाठ, हे काम सर्वाधिक फलदायी ठरते.

मर्यादा

खडकाळ जमीन, तीव्र उतार व झाडांची मुळे यांमुळे ही पद्धती सर्वत्र वापरता येत नाही. सैल वाळूत धूप होण्याचा धोका असतो. वाळूच्या टेकड्यांवर आदिवासी समाजांची दफनस्थळे असू शकतात. तेथे दाते चालविणे म्हणजे उपद्रव निवारताना इतिहासच उकरणे होय. शिवाय इंधन व मजुरीचा खर्च एकट्या शेतकऱ्यास जड जातो आणि शेजाऱ्याने बिळे राखल्यास तो खर्च काही अंशी वाया जातो.

निष्कर्ष

प्रत्येक नव्या विषाणूने प्रश्न कायमचा सुटल्याचा भास निर्माण केला व त्या भासात बिळांकडे दुर्लक्ष झाले. एका हेक्टरमागे एकापेक्षा कमी ससाही काही देशी वृक्षांची रोपे वाढू देत नाही. म्हणून संख्या घटणे म्हणजे प्रश्न मिटणे नव्हे. विषाणूने अवधी मिळवून दिला. त्या अवधीत ज्यांनी बिळे मोडली, त्यांनाच दीर्घकाळ लाभ झाला. प्रस्तुत लेखकाच्या मते, उपद्रवी जिवापेक्षा त्याच्या आश्रयस्थानाचा विचार अधिक मूलगामी असतो, हाच या इतिहासाचा धडा होय.